९३-८९ : एका चुरशीच्या सामन्याचा गुणतक्ता

अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन अर्थात एनबीएच्या २०१६ मधील अंतिम मालिकेचा सातवा सामना क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सने गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध ९३-८९ असा जिंकला. चार गुणांचा हा फरक क्लीव्हलँड शहरासाठी ५२ वर्षांच्या प्रतीक्षेचा शेवट ठरला. दुसऱ्या बाजूला, एका हंगामात ७३ सामने जिंकण्याचा विक्रम करणाऱ्या संघाला विजेतेपदाविना परतावे लागले. या सामन्यातील शेवटच्या दोन मिनिटांची दृश्ये आजही वारंवार दाखवली जातात. परंतु सामना नेमका कोठे जिंकला गेला आणि कोठे निसटला, याचे उत्तर दृश्यांपेक्षा खेळाडूंच्या आकडेवारीत अधिक स्पष्टपणे सापडते.

पार्श्वभूमी

हा सामना १९ जून २०१६ रोजी ओकलंड येथील ओरॅकल अरीनामध्ये झाला. भारतात तेव्हा सोमवार, २० जूनची पहाट होती. गोल्डन स्टेटने त्या हंगामात ७३ विजय आणि अवघे ९ पराभव अशी कामगिरी करून शिकागो बुल्सचा १९९५-९६ मधील ७२ विजयांचा विक्रम मोडला होता. क्लीव्हलँडची हंगामातील कामगिरी ५७ विजय व २५ पराभव अशी होती. जानेवारी २०१६ मध्ये या संघाने प्रशिक्षक डेव्हिड ब्लॅट यांना दूर करून टायरॉन लू यांच्याकडे सूत्रे सोपवली होती.

सातपैकी चार सामने जिंकणारा संघ विजेता, अशी ही मालिका. चौथ्या सामन्यानंतर गोल्डन स्टेट ३-१ असा आघाडीवर होता. तोपर्यंतच्या इतिहासात अंतिम मालिकेत १-३ असे पिछाडीवर पडलेल्या ३२ संघांपैकी एकालाही विजेतेपद मिळवता आले नव्हते. पाचव्या सामन्यात ड्रेमंड ग्रीन निलंबनामुळे खेळू शकला नाही आणि त्याच सामन्यात उंचापुरा अँड्र्यू बोगट जायबंदी झाला. लेब्रॉन जेम्स आणि कायरी आयर्विंग या दोघांनीही त्या दिवशी प्रत्येकी ४१ गुण मिळवले. सहाव्या सामन्यात जेम्सने पुन्हा ४१ गुण केले आणि मालिका ३-३ अशी बरोबरीत आली.

पहिल्या सहा सामन्यांतील गुणांची बेरीज केली तर दोन्ही संघांचे एकूण गुण अगदी सारखे, म्हणजे प्रत्येकी ६१० भरतात. सातव्या सामन्यात ८९-८९ अशी स्थिती झाली तेव्हा हीच बेरीज ६९९-६९९ झाली होती. सात सामन्यांच्या मालिकेत दोन संघ याहून जवळ येणे अवघडच.

सत्रवार हिशेब

एनबीएचा सामना प्रत्येकी १२ मिनिटांच्या चार सत्रांत खेळला जातो. या सामन्यात पहिल्या सत्राअखेर क्लीव्हलँड २३-२२ असा पुढे होता. दुसऱ्या सत्रात गोल्डन स्टेटने २७ विरुद्ध १९ गुण मिळवून मध्यंतराला ४९-४२ अशी आघाडी घेतली. तिसऱ्या सत्रात क्लीव्हलँडने ३३ विरुद्ध २७ अशी मुसंडी मारली. तरीही सत्र संपताना यजमान ७६-७५ असे एका गुणाने पुढेच होते. अखेरच्या सत्रात दोन्ही संघांची दमछाक झाली. क्लीव्हलँडने १८, तर गोल्डन स्टेटने केवळ १३ गुण केले. संपूर्ण सामन्यात आघाडी २० वेळा बदलली आणि ११ वेळा बरोबरी झाली.

हंगामात सामन्यागणिक सरासरी ११४.९ गुण करणाऱ्या गोल्डन स्टेटला निर्णायक सामन्यात नव्वदीही गाठता आली नाही. म्हणूनच या सामन्याचे विश्लेषण आक्रमणापेक्षा बचावाच्या अंगाने करावे लागते.

गुणतक्ता कसा वाचावा

क्रिकेटच्या धावफलकाची सवय असलेल्या वाचकाला बास्केटबॉलचा गुणतक्ता सुरुवातीला गोंधळात टाकतो. क्रिकेटमध्ये फलंदाज आणि गोलंदाज यांचे रकाने वेगळे असतात. बास्केटबॉलमध्ये प्रत्येक खेळाडू आक्रमण आणि बचाव दोन्ही करतो. त्यामुळे त्याचे सारे काम एकाच ओळीत मांडलेले असते.

प्रथम खेळलेली मिनिटे, नंतर फील्ड गोल, म्हणजे खेळ सुरू असताना बास्केटकडे केलेल्या फेकी. ‘२४ पैकी ९’ याचा अर्थ २४ प्रयत्नांत ९ बास्केट. यात दोन आणि तीन गुणांच्या दोन्ही फेकी येतात. तीन गुणांच्या फेकींचा रकाना पुन्हा स्वतंत्र असतो. फाउलनंतर मिळणाऱ्या फ्री थ्रोला प्रत्येकी एक गुण मिळतो. हुकलेल्या फेकीनंतर चेंडू ताब्यात घेतला की रिबाउंड, सहकाऱ्याच्या बास्केटला कारण ठरलेला पास म्हणजे असिस्ट, प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावणे म्हणजे स्टील, त्याची फेक हवेतच अडवणे म्हणजे ब्लॉक आणि प्रयत्न न करताच चेंडू गमावणे म्हणजे टर्नओव्हर.

हे रकाने एकाच वेळी अस्तित्वात आलेले नाहीत. एनबीएमध्ये स्टील आणि ब्लॉकची अधिकृत नोंद १९७३-७४ च्या हंगामापासून होऊ लागली. खेळाडूच्या टर्नओव्हरची नोंद १९७७-७८ पासून, तर तीन गुणांची फेक १९७९-८० पासून आली. त्यामुळे जुन्या काळातील बचावपटूंचे बरेचसे काम कागदावर उरलेलेच नाही. काही रकाने नोंद करणाऱ्याच्या निर्णयावरही अवलंबून असतात. गुण किती झाले याबद्दल वाद नसतो; मात्र एखादा पास असिस्ट मानायचा की नाही, हे मैदानाशेजारी बसलेला नोंदणीकार ठरवतो.

चार गुण आले कोठून?

या सामन्यात क्लीव्हलँडने ८२ पैकी ३३, तर गोल्डन स्टेटने ८३ पैकी ३२ फील्ड गोल केले. टक्केवारी अनुक्रमे ४०.२ आणि ३८.६. वरवर पाहता फरक नगण्य आहे. मात्र फेकींचे प्रकार वेगळे केले की दोन संघ जणू दोन वेगळे खेळ खेळत होते, असे दिसते.

तीन गुणांच्या फेकी : गोल्डन स्टेट ४१ पैकी १५, म्हणजे ४५ गुण. क्लीव्हलँड २५ पैकी ६, म्हणजे १८ गुण. गोल्डन स्टेटला २७ गुणांचा फायदा.

दोन गुणांच्या फेकी : क्लीव्हलँड ५७ पैकी २७, म्हणजे ५४ गुण. गोल्डन स्टेट ४२ पैकी १७, म्हणजे ३४ गुण. क्लीव्हलँडला २० गुणांचा फायदा.

फ्री थ्रो : क्लीव्हलँड २५ पैकी २१, गोल्डन स्टेट १३ पैकी १०. क्लीव्हलँडला ११ गुणांचा फायदा.

वीस अधिक अकरा वजा सत्तावीस, बाकी चार. विजयाचे अंतर तेवढेच आहे. गोल्डन स्टेटने आपल्या आवडत्या शस्त्राने २७ गुणांची कमाई केली. परंतु बास्केटजवळच्या खेळात आणि फ्री थ्रोच्या रेषेवर ती सारी गमावली, शिवाय वर चार गुण द्यावे लागले.

याच आकड्यांकडे पाहण्याची आणखी एक रीत आहे. तीन गुणांची बास्केट दीडपट मोलाची असते, हे लक्षात घेऊन विश्लेषक ‘प्रभावी फील्ड गोल टक्केवारी’ काढतात. त्या मापाने गोल्डन स्टेट ४७.६, तर क्लीव्हलँड ४३.९ असा निकाल येतो. म्हणजे हरलेल्या संघाची नेमबाजी सरस होती. फ्री थ्रोही हिशेबात धरणारी ‘ट्रू शूटिंग’ टक्केवारी मात्र क्लीव्हलँड ५०.०, गोल्डन स्टेट ५०.२ अशी जवळजवळ सारखी येते. या सूत्रात दोन फ्री थ्रो म्हणजे साधारण एक प्रयत्न असे धरून प्रत्येक फ्री थ्रोला ०.४४ इतके वजन दिले जाते. त्यानुसार क्लीव्हलँडला गुण मिळवण्याच्या ९३ संधी मिळाल्या, तर गोल्डन स्टेटला सुमारे ८९. दोन्ही संघांनी प्रत्येक संधीमागे सरासरी एकच गुण केला. क्लीव्हलँडने संधी अधिक मिळवल्या आणि निकाल तिथेच लागला. रिबाउंडमधील ४८-३९ ही आघाडी आणि अधिक फ्री थ्रो हे त्यामागचे कारण.

क्लीव्हलँड : दोघांवर भार

लेब्रॉन जेम्सने ४७ मिनिटांत २७ गुण, ११ रिबाउंड आणि ११ असिस्ट अशी ‘ट्रिपल डबल’, म्हणजे तीन रकान्यांत दोन अंकी कामगिरी नोंदवली. शिवाय ३ ब्लॉक आणि २ स्टील. अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात अशी कामगिरी त्यापूर्वी केवळ दोघांना साधली होती : १९६९ मध्ये जेरी वेस्ट आणि १९८८ मध्ये जेम्स वर्दी. असे असले तरी जेम्सची नेमबाजी त्या दिवशी सामान्य होती. २४ पैकी ९ फील्ड गोल, तीन गुणांच्या ५ पैकी १ आणि ५ टर्नओव्हर. ती उणीव त्याने १० पैकी ८ फ्री थ्रो साधून काही अंशी भरून काढली.

कायरी आयर्विंगने ४३ मिनिटांत २३ पैकी १० फील्ड गोलसह २६ गुण केले. त्याच्या नावावर असिस्ट मात्र एकच. चेंडू वाटण्याचे काम जेम्सकडे आणि समोरच्या बचावपटूला एकट्याने भेदण्याचे काम आयर्विंगकडे, ही विभागणी या दोन ओळींतून सरळ दिसते. संघाच्या ९३ पैकी ५३ गुण या दोघांचे, म्हणजे ५७ टक्के.

इतरांमध्ये जे. आर. स्मिथने १२ गुण केले. ट्रिस्टन थॉम्पसनने तीनच प्रयत्न केले आणि तिन्ही साधून ९ गुणांपर्यंत मजल मारली. इमान शम्पर्टने ६, तर रिचर्ड जेफर्सन आणि मो विल्यम्स यांनी प्रत्येकी २ गुण केले. जेफर्सनचे गुण दोनच असले तरी त्याचे ९ रिबाउंड विसरता येत नाहीत.

गोल्डन स्टेट : एक तळपला, बाकीचे मंदावले

पराभूत संघाच्या तक्त्यात त्या दिवसाची सर्वोत्तम वैयक्तिक कामगिरी दडलेली आहे. ड्रेमंड ग्रीनने ४७ मिनिटांत ३२ गुण, १५ रिबाउंड आणि ९ असिस्ट अशी कामगिरी केली. ट्रिपल डबल केवळ एका असिस्टने हुकली. १५ पैकी ११ फील्ड गोल, तीन गुणांच्या ८ पैकी ६ आणि ४ पैकी ४ फ्री थ्रो. त्याची ट्रू शूटिंग टक्केवारी ९५ च्या वर जाते, जेम्सची ४७.५ होती. ग्रीन हा मूळचा नेमबाज नव्हे. त्या हंगामात त्याची सरासरी १४ गुणांची होती. क्लीव्हलँडने करी आणि थॉम्पसन यांच्यावर पहारा वाढवताना ग्रीनला मोकळीक दिली आणि त्याने मध्यंतरापर्यंतच २२ गुण करून त्याची पुरेपूर किंमत वसूल केली.

तथापि, ग्रीनचे आकडे वगळले तर गोल्डन स्टेटच्या उरलेल्या खेळाडूंनी ६८ पैकी २१, म्हणजे जेमतेम ३१ टक्के फील्ड गोल साधले. तीन गुणांच्या फेकींत ३३ पैकी ९. हंगामात ३०.१ गुणांची सरासरी आणि तीन गुणांच्या विक्रमी ४०२ बास्केट नोंदवून एकमताने सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला स्टीफन करी १९ पैकी ६ फील्ड गोलवर थांबला. तीन गुणांच्या १४ पैकी ४ फेकी, १७ गुण, २ असिस्ट आणि ४ टर्नओव्हर. अखेरच्या सत्रात त्याने पाठीमागून दिलेला एक पास थेट रेषेबाहेर गेला. संपूर्ण सामन्यात त्याने एकच फ्री थ्रो घेतला, हा आकडाही बोलका आहे. बास्केटजवळ धडक मारण्याऐवजी तो दुरूनच फेकी करत राहिला.

क्ले थॉम्पसनने तीन गुणांच्या १० पैकी २ फेकी साधून १४ गुण केले. याच थॉम्पसनने तीन आठवड्यांपूर्वी, २८ मे रोजी ओक्लाहोमा सिटीविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात तीन गुणांच्या ११ बास्केट मारल्या होत्या. हॅरिसन बार्न्सने १० पैकी ३ प्रयत्नांत १० गुण केले. मालिकेतील शेवटच्या तीन सामन्यांत मिळून त्याने ३२ पैकी अवघे ५ फील्ड गोल साधले. शॉन लिव्हिंग्स्टन ८, आंद्रे इग्वोदाला ४, लिआंड्रो बार्बोसा ३ आणि अँडरसन व्हारेजाओ १ अशी उरलेल्यांची गुणसंख्या होती.

लव्हचे अधिक एकोणीस

गुणतक्त्याच्या टोकाला ‘अधिक-उणे’ हा रकाना असतो. खेळाडू मैदानात असताना त्याच्या संघाने प्रतिस्पर्ध्यापेक्षा किती गुण जास्त किंवा कमी केले, हे त्यावरून समजते. केविन लव्हने ९ पैकी ३ फील्ड गोलसह फक्त ९ गुण केले होते. मालिकेतील त्याच्या खेळावर बरीच टीका झाली होती. परंतु या सामन्यात त्याने १४ रिबाउंड घेतले आणि त्याच्या नावापुढे ‘अधिक १९’ अशी नोंद झाली. सुमारे ३० मिनिटे तो खेळत असताना क्लीव्हलँड १९ गुणांनी सरस होता. तो बाकावर असताना तोच संघ १५ गुणांनी मागे पडला.

हा आकडा जपून वापरावा लागतो. मैदानात एका वेळी दहा खेळाडू असतात आणि अधिक-उणेचे श्रेय किंवा दोष पाचही सहकाऱ्यांना सारखाच मिळतो. एका सामन्यावरून त्याआधारे कोणाचे मोल ठरवणे योग्य नव्हे. केवळ गुणांचा रकाना पाहणाऱ्याला मात्र त्या दिवशीचा लव्ह दिसलाच नसता.

शेवटची ४ मिनिटे ३९ सेकंद

अखेरच्या सत्रात जेम्सने तीन फ्री थ्रो आणि पाठोपाठ तीन गुणांची बास्केट साधून क्लीव्हलँडला ८९-८७ अशी आघाडी मिळवून दिली. थॉम्पसनने ४ मिनिटे ३९ सेकंद बाकी असताना बरोबरी साधली. गोल्डन स्टेटचे ते शेवटचे गुण ठरले. त्यानंतर त्यांच्या सलग नऊ फेकी हुकल्या.

क्लीव्हलँडलाही बास्केट सापडत नव्हती. १ मिनिट ५० सेकंद उरले असताना इग्वोदाला वेगवान प्रतिआक्रमणात बास्केटजवळ पोहोचला. मागून धावत आलेल्या जेम्सने त्याची फेक फळ्यावर दाबून अडवली. पुढे ५३ सेकंद बाकी असताना आयर्विंगने करीच्या डोक्यावरून तीन गुणांची बास्केट मारली आणि ९२-८९ अशी आघाडी घेतली. करीच्या उत्तरादाखल केलेल्या फेकीसमोर लव्ह उभा होता, ती हुकली. १०.६ सेकंद उरले असताना ग्रीनच्या फाउलवर जेम्सला दोन फ्री थ्रो मिळाले. हाताला मार बसला असतानाही त्याने पहिला हुकल्यावर दुसरा साधला आणि ९३ वा गुण फलकावर लागला.

तक्त्यात न मावणारे

या क्षणांची नोंद गुणतक्त्यात कशी झाली, हे पाहणे उद्बोधक आहे. जेम्सचा तो ब्लॉक त्याच्या तीनपैकी एक म्हणून मोजला गेला. सामन्याच्या पूर्वार्धातील ब्लॉकइतकेच त्याचे मोल. इग्वोदालाच्या वाटेत प्रथम जे. आर. स्मिथ आला होता. त्याला चुकवण्यासाठी इग्वोदालाला हवेत चेंडू सावरावा लागला आणि तेवढ्या क्षणात जेम्स पोहोचला. स्मिथच्या या कामासाठी तक्त्यात एकही रकाना नाही. आयर्विंगच्या बास्केटपूर्वी थॉम्पसनऐवजी करी त्याच्यासमोर यावा, यासाठी स्मिथने वाट अडवून धरली होती. तेही कोठे लिहिलेले नाही. लव्हने उंच खेळाडू असूनही जगातील सर्वोत्तम नेमबाजाला दूरवर रोखून धरले. नोंद एवढीच की, करीची एक फेक हुकली.

निकाल आणि नंतर

१९७८ मध्ये वॉशिंग्टनने सिएटलमध्ये विजय मिळवल्यानंतर अंतिम मालिकेचा सातवा सामना परक्या मैदानावर जिंकणारा क्लीव्हलँड हा पहिलाच संघ ठरला. क्लीव्हलँड शहराला १९६४ मध्ये ब्राउन्स या फुटबॉल संघाने मिळवलेल्या विजेतेपदानंतर कोणत्याही प्रमुख व्यावसायिक खेळातील हे पहिले यश होते. मालिकेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान जेम्सला एकमताने मिळाला. सात सामन्यांत त्याची सरासरी २९.७ गुण, ११.३ रिबाउंड, ८.९ असिस्ट, २.६ स्टील आणि २.३ ब्लॉक अशी होती. दोन्ही संघांतील सर्व खेळाडूंमध्ये या पाचही रकान्यांत तोच अव्वल राहिला. बाद फेरीच्या कोणत्याही मालिकेत असे त्यापूर्वी घडले नव्हते.

पंधरा दिवसांतच, जुलै २०१६ मध्ये केविन ड्युरांटने गोल्डन स्टेटमध्ये जाण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्या संघाने २०१७ व २०१८ ची विजेतेपदे क्लीव्हलँडलाच हरवून मिळवली. ग्रीनच्या ३२ गुणांची आठवण मात्र मागे पडली. १९६९ मध्ये जेरी वेस्टला पराभूत संघात असूनही मालिकेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळाला होता. त्यानंतर तसे पुन्हा घडलेले नाही. निकाल लागला की विजेत्यांचेच आकडे लक्षात राहतात. तक्त्यात दोन्ही संघांच्या ओळी कायम असतात आणि सामना समजून घ्यायचा तर त्या दोन्ही वाचाव्या लागतात.